कापूस न सोसणारा हात घेऊन अमरावतीला

मुंबई-नागपूर गाडीनं जाणाऱ्या बहुतेकांनी वऱ्हाड झोपेतच पाहिलेलं असतं. भुसावळला केळी घ्यायची, पांघरूण ओढायचं, आणि जाग येते ती नागपूरच्या हमालांच्या गलक्यानं. मधे अकोला गेलं, बडनेरा गेलं, याची खबर नसते. पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी मला ‘तुमचं वऱ्हाड नेमकं कुठं हो’ असं इतक्यांदा विचारलं आहे, की यंदाच्या हिवाळ्यातला प्रवास लिहूनच काढतो. हा देवदर्शनाचा प्रवास नव्हे, हवापालटाचाही नव्हे. माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात कापला जाऊ नये म्हणून मी निघालो होतो.

मी तेल्हाऱ्याचा. आमच्या घरात बी.एस्सी. झालेला मी पहिला. खरं तर चौथी ओलांडलेलाही मीच पहिला, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. वडिलांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परत आल्या आल्या जाहीर केलं, नामदेव शिकेल. पुढं ते लवकरच गेले. त्यांचं बोलणं खरं केलं किसनदादानं. तेल्हाऱ्याच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, तो हंगामभर उभा राहायचा आणि मी अमरावतीच्या कॉलेजात बाकावर बसायचो. आज पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी डेमॉन्स्ट्रेटर आहे, तो त्या उभं राहण्यामुळं.

दोन वर्षांपूर्वी जिनाच्या पट्ट्यात दादाचा उजवा हात सापडला. कोपराच्या आतून जाणारी नस तुटली. जखम भरली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं झालं ते झालं, पण त्या दोन बोटांत आणि तळव्याच्या त्या कडेला जी आग लागली ती विझेना. ओला फडका गुंडाळून ठेवला तर तेवढ्यापुरतं बरं. कोरडं काही लागलं, सदऱ्याची बाही, साधा वारा, की माणूस कळवळायचा. सगळ्यांत वाईट म्हणजे कापूस. रुईचा एक तंतू त्या कातडीवर पडला तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. आणि आमचं गाव कापसाचं. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथल्या हवेतच कापूस असतो.

गावाकडून नोकरी शोधत आलेल्या एकानं निरोप आणला: दादानं अमरावतीच्या सर्जनला गळ घालून हात कापून घ्यायचं ठरवलंय, पुढच्या महिन्यातला पहिला बुधवार नक्की झालाय. मी तसाच आमच्या विभागप्रमुखांकडे गेलो. साहेब मेंदूतल्या रसायनांवर काम करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कापू देऊ नका. दुखणं आता हातात उरलेलं नसेल. हात जाईल आणि दुखणं राहील.” एरवी दोन दिवसांच्या रजेला कपाळावर आठ्या घालणाऱ्या या माणसानं महिन्याची रजा हसत मंजूर केली, आणि अमरावतीतल्या आपल्या जुन्या सोबत्याचं नाव सांगितलं, डॉक्टर कुरेशी. त्यांचे उपकार इथं आधी नोंदवतो, कारण समोर बोलायला गेलो तर ते विषय बदलतात.

अकोला

मनमाडला गाडी बदलून सकाळी अकोल्याला उतरलो. माघाची थंडी होती. पुण्याची थंडी अंगाला चाटून जाते, इथली कोरडी थंडी ओठ फोडते. स्टेशनाबाहेर येताच कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. गाडीवर माणसाच्या दुप्पट उंच कापूस चेपलेला, त्याच्यावर धनी घोंगडी पांघरून झोपलेला, आणि बैल आपले आपण बाजाराकडे चाललेले. रस्त्याच्या दोन्ही कडा पांढऱ्या. सरकीच्या तेलाचा वास नाकात शिरला तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं.

बसस्टँडजवळच्या खानावळीत जाऊन भिंतीवरच्या फळ्याकडे बघत उभा राहिलो, तर मालक म्हणाला, “जेवाचं हाय का नुसतं पाहाचं?”

पुण्यात हेच पाटीवर लिहिलेलं असतं, इथं तोंडावर सांगतात. फरक एवढाच, की सांगून झाल्यावर इथला माणूस पानात न मागता आणखी एक भाकर टाकतो. बेसन, मिरचीचा ठेचा, तेलाची धार आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. मी नको नको म्हणत होतो. “दूरून आले दिसता, खा ना बाप्पा,” म्हणून त्यानं माझ्या हातावर पाणी घालेपर्यंत मला उठू दिलं नाही.

तेल्हारा

घरी पोचलो तर भर दिवसा दार लावलेलं. दादा आतल्या अंधारात भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हाताला ओला फडका, शेजारी पाण्याचा तांब्या.

“आला का गा साहेब? पुन्याचं पानी लागलं तुले. गोरा झाला.”

हे तो बोलला, पण हसला नाही. दादा न हसता थट्टा करतो असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. चेहरा जडावलेला, डोळे सुस्त. जिनातल्या पन्नास माणसांत ज्याचं हसणं वेगळं ओळखू यायचं, तो हाच का असं वाटलं.

दिवस कलताना अनसूयावहिनी कापूस वेचून आली. ती घरात आली नाही. अंगणातल्या कुडाआड गेली, लुगडं झटकलं, केस झटकले, डोक्यावरून पाणी घेतलं, दुसरं लुगडं नेसली आणि मग उंबरा ओलांडला. दोन हंगाम ती रोज हे करत होती. थंडी असो, अंगात कणकण असो, नवऱ्याच्या हातावर तंतू पडू नये म्हणून. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “सवय झाली आता. पानीच तं लागते त्याले.”

जेवणं झाल्यावर विषय काढला. दादा म्हणाला, “तू कागदावर शिकला. मी त्या हातासंग राहतो. दोन हाताचा बसून खान्यापरीस एका हाताचा कामाले जाईन.”

“हात जाईल आणि आग राहील, दादा.”

“जागाच नाई राहिली तं आग कुठी राहीन? सांग.”

 शब्द माझ्याकडे होते, पण ते पुण्याचे होते. शेवटी एवढं कबूल झालं की आधी माझ्या डॉक्टरला हात दाखवायचा. “पन बुधवारी हात द्याचा म्हंजे द्याचा,” दादानं बजावलं.

दुसऱ्या दिवशी तिघं निघालो. उत्तरेला सातपुडा निळा पसरला होता आणि दोन्ही बाजूंना पांढरी वावरं. एकट्यानं येताना हाच देखावा मला डोळे भरून पाहावासा वाटला होता. आता प्रत्येक वावराची धास्ती वाटत होती. अकोटच्या पुढं बस एका कापसाच्या गाडीमागं अडकली, वारा आला आणि खिडकीतून तंतू आत उडाले. दादानं एवढ्यानं किंकाळी फोडली की ड्रायव्हरनं गाडी थांबवली.

“अंगात आलं का त्याच्या?” मागून कोणीतरी विचारलं.

“एवढा गडी, अन् कापसाले भेते?” पुढच्या बाकावरचा फेटेवाला म्हणाला. दोघंतिघं हसले.

वहिनी उभी राहिली. “हसा. जिनात हात देऊन पाहा अन् मंग हसा.”

फेटेवाल्याचं हसणं तोंडातच राहिलं. त्यानं दादाच्या फडका सुटलेल्या बोटांकडे पाहिलं. मग उठला आणि आपल्या बाजूची खिडकी ओढून बंद केली. त्याचं पाहून दुसऱ्यानं केली. अकोल्यापर्यंत ती सगळी बस दुपारच्या उन्हात खिडक्या लावून घामाघूम बसली होती आणि कोणी कुरकुरलं नाही. उतरताना फेटेवाल्यानं दादाचा तांब्या नळावरून भरून आणून दिला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

अमरावती

बडनेऱ्याला उतरून टांग्यानं अमरावतीत शिरलो. वहिनीच्या मावशीकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर कुरेशींच्या दवाखान्यात. पांढरी दाढी, खादीचा कोट, बोलणं अस्सल वऱ्हाडी. लढाईत ते फौजेचे डॉक्टर म्हणून बर्माच्या आघाडीवर होते. त्यांनी दादाच्या हाताला हात लावला नाही. नुसते वाकून पाहत राहिले. आजवर प्रत्येक डॉक्टरनं दाबून ‘इथं दुखतं का’ विचारलं होतं. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, “ह्याले समजते.”

मग त्यांनी दिवसभराचं खाणंपिणं विचारायला सुरुवात केली. सकाळी काय, दुपारी काय. दवा कोणती घेता? दादा म्हणाला, कोणतीच नाही, सगळ्या सोडल्या.

“अन् झोप?”

“झोप येते. हे मुळी देते ना रात्री गुळातून.”

वहिनीनं कनवटीची पुडी काढून टेबलावर ठेवली. अकोटच्या जत्रेत एका वैदूनं दिली होती, दादा झोपेविना वेडा व्हायला आला होता तेव्हा. ती संपली की पुन्हा मागवायची. आमच्याकडे दवा म्हणजे बाटलीतली नाहीतर सुईतली. मुळी ही हळदी-ओव्यासारखी घरातली वस्तू, ती डॉक्टरला काय सांगायची? दीड वर्षात कोणी सांगितली नव्हती आणि कोणी विचारली नव्हती.

डॉक्टरांनी चिमूट जिभेवर ठेवून थुंकली. “सर्पगंधा. बडी कडवी चीज. हिचीच गोळी आम्ही रक्ताचा दाब वाढलेल्याले देतो. झोप येते हे खरं. पन पाह्य किसन, तुमच्याकडं ओलिताचं वावर हाय?”

“आमचं नाई. लोकाइच्या वावरात दारं धरले मी.”

दारं धरणं म्हणजे पाटाच्या पाण्याला फावड्यानं वाट करून देणं आणि बुजवणं. डॉक्टर खुर्ची पुढं ओढून बसले.

“मंग तुले समजीन. हा हात म्हंजे वाफा. दुखन्याचं पानी नसेच्या पाटातून वर डोक्यात जाते. डोक्यात एक मानूस दारं धरून बसला हाय. पानी जास्त झालं की तो खालचं दारं बुजवते. तुयी नस तुटली तेव्हा त्याची घडीच बिघडली. बुजवाचं ते दारं तो उघडं ठेवून राहिला. आता वाफा कापून टाकला तरी त्याले काय खबर? तो उघडंच ठेवीन.”

“अन् मुळी?”

“त्या मानसाच्या हातात जे फावडं हाय, त्याले हे तुमचे नामदेवराव सेरोटोनिन म्हनतात. मुळी त्याच्या हातचं फावडंच काढून घेते. म्हनून तुले झोप येते, अन् म्हनूनच मन असं मेल्यावानी होते. हसनं गेलं ना तुयं?”

 वहिनी पांढरी पडली. रोज रात्री ती मुळी तिनं स्वतः वाटली होती. पदर तोंडाला लावून ती भिंतीकडे वळली. डॉक्टर उठले, तिच्यासमोर गेले आणि म्हणाले, “बेटा, तू नसती देली तं हा मानूस झोपेविना तेव्हाच गेला असता. तुले ठाव असतं का? मले तरी विचारल्याशिवाय ठाव झालं का?” ही एक गोष्ट मी आयुष्यभर विसरणार नाही. विज्ञान मी पुण्यात शिकवतो, पण ते कसं सांगावं हे मी त्या सकाळी पाहिलं.

मग ते माझ्याकडे वळून साध्या पुस्तकी मराठीत बोलले. “हे सगळं वाचलेलं आहे, आणि ज्यांनी लिहिलं त्यांनाही पुरतं माहीत नाही. हे रसायन कधी दारं बुजवतं, कधी उघडतंही म्हणे. खिन्न माणसांसाठी नव्या गोळ्या निघाल्या आहेत. नसेच्या दुखण्यात कोणी कोणी त्या वापरून पाहतात. आधी मुळी बंद, मग थोड्या दिवसांनी गोळी. तीन आठवडे काही दिसणार नाही, नुसतं तोंड कोरडं पडेल. बिघडलेली घडी एका दिवसात बसत नाही. आणि अजिबात बसली नाही, तरी मी खोटं बोललो म्हणू नका.”

दादानं सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तुमचं बोलनं पटते. पन हात तुमचा नाई. बुधवार माया पक्का.”

डॉक्टर रागावले नाहीत. “ठीक. मंगळवारी तिवस्याले जाऊन ये. वामनराव हवालदाराचा संत्र्याचा बगीचा विचार. बर्मात त्याचा हात मीच कापला.”

तिवसा

नागपूरच्या रस्त्यानं तिवसा दूर नाही. अकोल्याकडची भगभगीत वावरं मागं पडतात आणि संत्र्याच्या बागा लागतात. गडद हिरव्यात पिकली फळं लखलखत होती. हवालदार बागेतच सापडले. डावी बाही खांद्यापासून दुमडून टाचणीनं अडकवलेली. कुरेशींचं नाव ऐकताच खाट ओढली आणि तिघांनाही तिच्यावर बसवलं.

पाणी कोणत्या भांड्यातून येतं हे पाहायची आमच्या माणसांना जुनी सवय आहे. दादानं आणि मी एकदमच पाहिलं. हवालदारांच्या हातात त्यांच्याच पिण्याचा गडू होता. आम्ही प्यालो, मग उरलेलं ते प्याले. दादाच्या खांद्यांवरचा ताण तेवढ्यानं उतरलेला मला दिसला.

हवालदारांनी संत्री पुढं केली. गुडघ्यांत धरून एका हातानं ती सोलायची त्यांची रीत दादा निरखून पाहत होता. उद्याचा धडा शिकत असावा.  मग दादानं विचारलं,

“हवालदारसाहेब, झोपता कोनत्या कुशीवर?”

“उजव्या.”

“डाव्या काहून नाई? तिकडं तं हातच नाई.”

“हात दबते ना गा,” हवालदार म्हणाले.

दादाच्या हातातली फोड तशीच राहिली.

“बोटं मिटल्यावानी राहतात,” ते पुढं म्हणाले. “नखं तळव्यात रुततात. उघडू म्हनतो तं उघडाले बोटं नाईत. तुया हातावर पानी तरी टाकता येते. मी कुठी टाकू? सांग.”

“कधी कमी झालं नाई?”

“आग होती माई हात होता तवाबी. म्हनूनच कापा म्हनलो. सायेब नको म्हनत होते, मीच पाय धरले. लई वर्षं झाली. आता सवय म्हना. बायको मेली तवा लई वाढलं, पोराचं लगन झालं तवा दोन महिने ठावबी नव्हतं. मनासंग चालते ते. हातासंग नाई.”

डॉक्टरांनी पाट आणि फावड्यानं जे सांगितलं, तेच हा माणूस सांगत होता. पण तो आतून सांगत होता. दादानं फडक्यातला आपला हात मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जसं रुसून गेलेल्या आणि परत आलेल्या माणसाकडे पाहतात.

निघताना हवालदारांनी वहिनीची ओटी संत्र्यांनी भरली. बसमध्ये दादा एवढंच बोलला, “सर्जनसाहेबाले उद्या मीच सांगतो. तू मधात बोलू नको.”

बुधवारी सकाळी तो एकटा आत गेला. बाहेर आला तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले?

“म्हने, बरं झालं, मले कालपासून जेवन गोड लागत नव्हतं.” आणि दादा थोडंसं, अगदी थोडंसं, हसला. त्या सर्जनसाहेबांनाही माझा नमस्कार पोचावा.

पुन्हा तेल्हारा

यापुढचं वाचणाऱ्याला वाटेल की गोळी घेतली आणि आग गेली. तसं झालं नाही. मुळी बंद होताच झोप उडाली. दादा भिंतीला टेकून बसून राही, चिडे, भाकर परत करी. गोळी सुरू झाली तर तोंडाला कोरड. “तुया डॉक्टरच्या गोळीनं हात नाई गा, जीभ वाळली,” असं तो मला दिवसातून कितीदा तरी ऐकवी. गावातले लोक येऊन बसत. कोणी म्हणे कापायलाच हवा होता, कोणी म्हणे नामदेवानं पुण्याहून खूळ आणलं. वहिनी त्या सगळ्यांना चहा देई आणि रोजच्यासारखी कुडाआड आंघोळ करून घरात येई. मी तेव्हा तिच्याकडे डोळे वर करून पाहू शकत नव्हतो. गोळी लागू पडली नाही तर या घरात कोणत्या तोंडानं यायचं, हाच विचार डोक्यात असे.

तिसरा आठवडा सरत आला तेव्हा दादा एकदा वहिनीवर ओरडायचा थांबून तिला म्हणाला, “अवो, कढी चांगली झाली.” वहिनी माझ्याकडे पाहत राहिली. आग आहेच, तो म्हणाला, पण मधूनमधून ती दूर जाऊन बसते, मग पुन्हा येते. कुरेशींना कळवलं. त्यांचं उत्तर आलं: घाई नको, गोळी चालू ठेवा.

माझी रजा संपली. निघायच्या दिवशी दुपारची बस होती. ट्रंक उंबऱ्याशी ठेवली. दादा भिंतीला टेकून मला पुण्याला पोचल्यावर काय काय करायचं ते सांगत होता: लगन कर, खोली बदल, बाहेरचं खाऊ नको. सांगता सांगता ‘अन् हे पाह्य’ म्हणाला आणि पुढं काहीच आलं नाही. मला वाटलं आग आली. वाकून पाहिलं तर मान कलली होती, तोंड थोडं उघडं, श्वास संथ. मुळी बंद झाल्यापासून माणूस असा झोपला नव्हता.

वहिनी वाटेसाठी ठेचा कुटत होती. तिचा हात तसाच वर थांबला. तेवढ्यात शेजारचा महादू माझी ट्रंक न्यायला “चाला साहेब” ओरडत अंगणात आला, तर तिनं डोळे असे वटारले की तो पायरीवरच बसला. मागोमाग त्याची बायको त्याला शोधत आली, तीही बसली. खुंटासारखा ताठ झालेला मी, पायरीवरचे ते दोघं, कुटणं थांबवलेली वहिनी, सगळे एका माणसाचा श्वास ऐकत राहिलो.

स्टँडवर बसचा भोंगा वाजला. न सांगता घर सोडायची आमच्यात रीत नाही. जाणाऱ्यानं ‘येतो’ म्हणायचं, थोरल्यानं ‘ये’ म्हणायचं, मग पाऊल उचलायचं. मी ट्रंकेवर बसलो. वहिनीनं ओठांनीच सांगितलं, “उद्याची धरा.” बस गेल्याची धूळ कुडावरून दिसली. इतक्या सुखानं मी आजवर कुठलीही गाडी चुकवलेली नाही.

दिवेलागणीला दादा जागा झाला. अंगणात एवढी माणसं गप्प बसलेली पाहून आधी घाबरला, मग ट्रंक पाहिली.

“गाडी गेली न गा तुयी? मले उठवलं काहून नाई कोनी?”

 वहिनी ठेचा कुटायला लागली, जरा जोरातच.